‘जुनी औषधे चालू ठेवावीत’: डिस्चार्जनंतरच्या अकरा दिवसांचं एक प्रकरण

सकाळी सव्वासहाला आजींचा फोन आला. “डॉक्टर, हे बाथरूमच्या दारात बसलेत. उठवत नाही त्यांना. घाम फुटलाय.”

त्यांचं घर दवाखान्यापासून चालत सात मिनिटांवर. मी पोचलो तेव्हा आबांना भिंतीला टेकवून बसवलेलं होतं. बोलत होते, पण शब्द जड पडत होते. नाडी ३४. वरचा रक्तदाब ८०, खालचा ऐकूच येईना. छातीत दुखत नव्हतं. ॲट्रोपीन दिलं, नाडी हलली नाही. दवाखान्यातलं ईसीजी मशीन मागवून पट्टी काढली. पी-लहरी जवळपास नाहीशा, क्यूआरएस रुंद आणि टी-लहरी तंबूच्या टोकासारख्या उंच. ही पट्टी हार्ट अटॅकची नसते, वाढलेल्या पोटॅशियमची असते. १०८ ला फोन केला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आजींना म्हटलं, “घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या आणा. जुन्या, नव्या, सगळ्या.”

त्यांनी स्टीलचा डबा आणून उपडा केला. अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या.

हे प्रकरण लिहायला मला वेळ लागला, कारण त्यात माझ्या तीन चुका आहेत. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णालयाचं नाव देणार नाही. तिथे उपचार उत्तम झाले होते, आणि जे बिघडलं ते एकट्या त्यांच्याकडून बिघडलं नाही.

आबा ७१ वर्षांचे. चौदा वर्षांपासून रक्तदाब, नऊ वर्षांपासून मधुमेह. माझा दवाखाना पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका तालुक्याच्या गावी आहे आणि हे घर वीस वर्षांपासून माझ्याकडे येतं. माझ्या औषधांत तीन गोळ्या होत्या: टेल्मिसार्टन ४० आणि मेटोप्रोलॉल ५० यांची एकत्र गोळी सकाळी एक, मेटफॉर्मिन दोन वेळा, आणि रात्री अटोरव्हास्टॅटिन १०. आदल्या वर्षीचं क्रिएटिनिन १.३. म्हणजे मूत्रपिंडं थोडी थकलेली, पण काम भागवणारी.

चैत्रातल्या एका रात्री त्यांच्या छातीत दुखू लागलं. ईसीजीवर हृदयाच्या समोरच्या भिंतीचा मोठा झटका दिसला. मी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दिलं, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला फोन केला, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर निदान, रक्तदाब, नाडी, दिलेले डोस आणि ‘तातडीने अँजिओप्लास्टीसाठी’ एवढं लिहून दिलं. घरी चालू असलेली औषधं लिहिली नाहीत. त्या क्षणी मिनिटं मोजायची असतात, त्यामुळे रात्रीच्या घाईबद्दल मी स्वतःला माफ करतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी खुर्चीत बसून चहा पीत होतो. तेव्हा ती यादी पाठवता आली असती. ती माझी पहिली चूक.

पुण्यात रात्रीच अँजिओप्लास्टी झाली, डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत एक स्टेंट बसला. हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्क्यांवर आली होती, फुप्फुसांत थोडं पाणी साचलं होतं. सहाव्या दिवशी आबा घरी आले. नवी औषधं आठ: ॲस्पिरिन, टिकाग्रेलॉर, अटोरव्हास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल ५०, रॅमिप्रिल ५, स्पायरोनोलॅक्टोन २५, टॉर्सेमाइड १० आणि पॅन्टोप्रॅझोल. कमकुवत झालेल्या हृदयासाठी ही यादी पाठ्यपुस्तकात शोभेल अशी होती. खोट यादीखालच्या एका ओळीत होती: ‘बीपी-शुगरची जुनी औषधे चालू ठेवावीत.’

आजींनी ती आज्ञा अक्षरशः पाळली. डब्यातल्या जुन्या गोळ्या त्यांनी टाकल्या नाहीत, कारण कागदावर तसं लिहिलं होतं, आणि महिन्याभराच्या गोळ्या नुकत्याच आणल्या होत्या. रोज सकाळी आबा मेटोप्रोलॉल दोनदा घेत होते, एकदा जुन्या एकत्र गोळीतून आणि एकदा नव्या पट्टीतून. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकमेकांच्या जोडीला जात होतं. वर स्पायरोनोलॅक्टोन.

हे घरात कुणालाच का कळलं नाही, तर नावांवरून कळणं शक्यच नव्हतं. जुन्या गोळीचं ब्रँडनाव एक, नवीचं दुसरं, दोन्हींत एकही अक्षर सारखं नाही. त्यात आपल्याकडे मेडिकलवाला पंधरा गोळ्यांच्या पट्टीतून दहा कापून देतो. घटकांची बारीक अक्षरं दुकानात उरलेल्या तुकड्यावर राहतात आणि घरी येते ती फक्त चकचकीत पाठ. त्या सकाळी मलासुद्धा दोन पट्ट्यांवर काय आहे ते गोळीचा रंग आणि खाच बघून ओळखावं लागलं.

डिस्चार्ज कार्ड तीन पानांचं होतं. मूळ कार्ड मुलाकडे पुण्यातच राहिलं, कारण विम्याची कॅशलेस मंजुरी आली नव्हती आणि भरपाईच्या दाव्याला कंपनी मूळ कागद मागते. त्याने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, पहिल्या पानाचा. निदान, अँजिओग्राफीचा निष्कर्ष, रुग्णालयातला प्रवास. औषधं तिसऱ्या पानावर होती. मुलाचा यात काय दोष? त्याच्या लेखी ‘काय झालं होतं’ ते पान महत्त्वाचं होतं आणि ते त्याने आठवणीने पाठवलं.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी मी आबांना बघायला गेलो. रक्तदाब १००/६०, नाडी ५४. मनाशी म्हटलं, बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारं मेटोप्रोलॉल, लागू पडतोय, छान. पाय दाबून सूज बघितली, छाती ऐकली, चहा घेतला आणि निघालो. डबा उघडायला सांगितलं नाही. ही दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. समोर बसलेल्या माणसाची नाडी मला काहीतरी सांगत होती आणि मी तिचा सोयीचा अर्थ लावला.

आठव्या दिवशी जुलाब सुरू झाले. नवव्या दिवशी आजींनी फोनवर विचारलं, काय देऊ? मी म्हटलं, ओआरएस द्या, शहाळं द्या. दुसऱ्या कुठल्याही घरात हे उत्तर बरोबर ठरलं असतं. इथे ती तिसरी चूक होती. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण आपल्याकडे शहाळं घेऊन येतोच, त्या दोन दिवसांत आबांनी दिवसाला तीन-तीन शहाळी घेतली. शहाळ्याचं पाणी पोटॅशियमने भरलेलं असतं, ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं. आणि ज्याला जुलाब होत आहेत त्याने रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन आणि टॉर्सेमाइड तेवढ्या दिवसांपुरती थांबवायची असतात, हे सांगायला त्या गोळ्या चालू आहेत हे मला माहीत असायला हवं होतं.

शरीरात पुढे काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण हा फास कसा आवळतो हे कळलं की डिस्चार्जचा कागद कशासाठी असतो तेही कळतं. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन ही तिन्ही औषधं मूत्रपिंडांतून पोटॅशियम बाहेर टाकण्याची वाट वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात. जुलाबांनी शरीरातलं पाणी गेलं, टॉर्सेमाइडने आणखी काढलं, त्यामुळे मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त कमी झालं आणि पोटॅशियम चढलं. चढलेलं पोटॅशियम आणि दुप्पट बीटा ब्लॉकर या दोघांनी मिळून हृदयाचे ठोके मंदावले. ठोके मंदावले की मूत्रपिंडांना रक्त आणखी कमी मिळतं. पोटॅशियम आणखी चढतं, नाडी आणखी उतरते. वैद्यकात या साखळीला ‘ब्रॅश सिंड्रोम’ म्हणतात. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर माणसाला आडवं पाडण्याइतकी मोठी नसते. एकत्र आल्या की पडतो.

पाऊण तासावरच्या मोठ्या रुग्णालयात पोटॅशियम ७.१ निघालं, क्रिएटिनिन २.९. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज, साल्ब्युटामॉलची वाफ, काळजीपूर्वक सलाइन. तात्पुरता पेसमेकर तयार ठेवला होता, लागला नाही. दुपारपर्यंत नाडी ५० वर आली, दुसऱ्या दिवशी ६२. डायलिसिसशिवाय सुटले. पाचव्या दिवशी घरी.

या वेळी मी ॲम्ब्युलन्ससोबत एक पान पाठवलं होतं. अकराही औषधांची मूळ नावं, डोस, कोणती कोणी लिहिली, कोणती दोनदा जातायत, शेवटचं क्रिएटिनिन. तिथल्या तरुण डॉक्टरने नंतर सांगितलं की ते पान हातात असल्यामुळे रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच त्याने कॅल्शियम दिलं. त्या एका पानाला मला सहा मिनिटं लागली होती.

आता प्रश्न असा की पुण्यातल्या रुग्णालयात ती ओळ लिहिली कोणी आणि का? मी तिथे फोन केला, भांडायला नव्हे. डिस्चार्ज लिहिणारा निवासी डॉक्टर प्रामाणिक मुलगा होता. म्हणाला, “सर, ॲडमिशनच्या रात्री नातेवाईक म्हणाले बीपीची गोळी चालू आहे. कोणती, ते कोणाला सांगता आलं नाही. तुमच्या चिठ्ठीतही नव्हतं. शुगरची गोळी बंद पडू नये म्हणून तशी ओळ लिहिली.” म्हणजे मधुमेहाचं औषध सुटू नये या काळजीतून ती ओळ आली होती. दाखल करताना नोंदीत ‘रक्तदाबावर उपचार चालू’ इतकंच होतं. नाव माहीत नसलेल्या औषधाला ‘चालू ठेवा’ म्हटलं गेलं आणि त्या औषधात काय आहे हे ठाऊक असलेला एकमेव माणूस, म्हणजे मी, त्या संभाषणात कुठेच नव्हतो.

आणखी एक गोष्ट मला टोचली, ती लिहितोच. त्या कार्डावर ‘रेफर्ड बाय’च्या रकान्यात माझं नाव आद्याक्षरांसकट अचूक होतं. रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागाकडे माझा मोबाइल नंबर आहे, सणावाराला शुभेच्छा येतात. रुग्ण पाठवणारा म्हणून मी त्यांना माहीत आहे. रुग्ण परत घेणारा म्हणून मी त्यांच्या कुठल्याच फॉर्मवर नाही. आबांच्या कार्डावर ‘१० दिवसांनी ओपीडीत दाखवणे’ होतं. पण स्पायरोनोलॅक्टोन नव्याने सुरू केल्यावर आठवड्याच्या आत आणि मग महिन्याने पोटॅशियम व क्रिएटिनिन बघायचं असतं, ते कुठे, कोणी आणि कधी करायचं याचा उल्लेख नव्हता. पुण्याला जाण्याइतकी ताकद आबांना दहाव्या दिवशी नव्हती, म्हणून ती भेट पुढे ढकलली गेली होती. माझ्या दवाखान्याच्या शेजारच्या लॅबमध्ये ही तपासणी सकाळी देऊन दुपारी मिळते.

ही भीती पुस्तकी नाही. १९९९ मध्ये ‘रेल्स’ या चाचणीने दाखवलं की हृदय फारच कमकुवत झालेल्या (हार्ट फेल्युअरच्या) रुग्णांत स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू कमी होतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ते औषध झपाट्याने लिहिलं जाऊ लागलं आणि २००४ मध्ये तिथल्या संशोधकांनी मोजून सांगितलं की एसीई इन्हिबिटर (रॅमिप्रिलच्या गटातलं औषध) घेणाऱ्या, हार्ट फेल्युअर असलेल्या वयस्क रुग्णांत पोटॅशियम वाढून रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण १९९४ मधल्या हजारी २.४ वरून २००१ मध्ये हजारी ११ वर गेलं होतं. औषध चांगलंच होतं. चाचणीत रुग्णांची निवड आणि रक्ताची देखरेख काटेकोर होती, बाहेरच्या जगात ती तशी राहिली नाही. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकत्र देऊन फायदा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो, हेही २००८ च्या ‘ऑनटार्गेट’ चाचणीने पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांत दाखवलं. आबांना ही जोडी देण्याचा निर्णय कोणत्याही डॉक्टरने घेतलेला नव्हता. ती दोन कागदांच्या मधल्या फटीत तयार झाली.

आणि ही फट फक्त आपल्याकडचीच नाही. २००७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यात दिसलं की डिस्चार्जनंतर रुग्ण पहिल्यांदा आपल्या डॉक्टरकडे जातो तेव्हा १२ ते ३४ टक्के वेळाच डिस्चार्जचा सारांश त्या डॉक्टरपर्यंत पोचलेला असतो. इंग्लंडमध्ये आता रुग्णालयांच्या करारातच अट आहे की सारांश २४ तासांच्या आत जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, पोचला पाहिजे. तिथे जवळपास प्रत्येक माणूस कुठल्या तरी जीपीकडे नोंदलेला असतो, त्यामुळे कागद कुठे पाठवायचा हे ठरलेलं असतं. आपल्याकडे फॅमिली डॉक्टर ही घराने मानलेली गोष्ट आहे, कोणत्याही नोंदवहीतली नव्हे. शिवाय खेड्यापाड्यांत तो बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो आणि मोठ्या रुग्णालयांना त्याला पत्र लिहिणं आवश्यक वाटत नाही. मला हे साफ चूक वाटतं. रात्री दोन वाजता दार तोच उघडणार आहे. त्याच्या पदवीबद्दल कुणाचं काहीही मत असो, आबांच्या डब्यात काय आहे हे त्याला माहीत असणं आबांच्या हिताचं आहे.

नियमच नाहीत, असं म्हणायला जागा नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवताना उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रकरणाचा सारांश द्यावा आणि तज्ज्ञाने आपलं मत त्या डॉक्टरला लेखी कळवावं. एकाच वाक्यात दोन्ही बाजूंची जबाबदारी. आबांच्या बाबतीत त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी मोडला, दुसरा त्यांनी. त्याच नियमावलीप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, म्हणजे मूळ फाइल विम्याकडे गेली तरी प्रत मागता येते. हे आबांच्या मुलाला कोणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. आबांकडे आभा कार्डही आहे, आरोग्याचे कागद डिजिटल जोडून ठेवण्यासाठीचं, चौदा आकडी, गावातल्या शिबिरात काढलेलं. त्याला एकही कागद जोडलेला नव्हता.

मी पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना दोन पानी पत्र लिहिलं. आधी माझ्या चुका, मग त्यांच्या. चौथ्या दिवशी त्यांचा स्वतःहून फोन आला आणि आम्ही वीस मिनिटं बोललो. त्यांनी बचाव केला नाही. मी एकच गोष्ट मागितली: औषधांची यादी सलग न देता तीन भागांत द्या. नवीन काय, बदललं काय आणि बंद काय केलं. ‘बंद’चा रकाना रिकामा ठेवायचा झाला तर लिहिणाऱ्याला तिथे ‘काही नाही’ असं हाताने लिहावं लागेल, आणि ते लिहिण्याआधी जुनी औषधं कोणती हे विचारावं लागेल. त्यांनी त्यांच्या युनिटपुरतं ते सुरू केलं. अख्ख्या रुग्णालयात अजून झालेलं नाही, आणि माझ्याकडे परत येणाऱ्या सगळ्यांच्या हातात तसा कागद असतो असंही नाही.

माझ्या दवाखान्यात दोन गोष्टी बदलल्या. जुनाट आजाराच्या प्रत्येक रुग्णाचं एक पान छापून ठेवलं आहे: आजार, औषधांची मूळ नावं आणि डोस, शेवटचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, कशाची ॲलर्जी, माझा नंबर. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. रुग्णाच्या पत्नीच्या मोबाइलमध्ये असतोच, कारण रात्री धावपळीत मुलगा फोन विसरतो, ती विसरत नाही. दुसरं म्हणजे रुग्णालयातून आलेल्या माणसाला मी आता ‘कार्ड घेऊन या’ म्हणत नाही. ‘पिशवीसकट या, जुन्या गोळ्याही आणा’ म्हणतो. टेबलावर पट्ट्या मांडतो, बंद झालेल्या वेगळ्या काढतो आणि माझ्याकडेच ठेवून घेतो. आजींना ते पटायला वेळ लागला. “भरलेल्या गोळ्या आहेत, डॉक्टर. पैसे दिलेत.” शेवटी मी त्यांना आबांची ती ईसीजीची पट्टी दाखवली, तेव्हा त्यांनी न बोलता पट्ट्या सरकवल्या.

एकत्र गोळी कायमची बंद आहे. मेटोप्रोलॉल २५ वर आणलं, दोन आठवड्यांनी रॅमिप्रिल १.२५ पासून पुन्हा सुरू केलं. स्पायरोनोलॅक्टोनचा प्रश्न मात्र अवघड होता. आबांच्या हृदयाला त्याची गरज आहे आणि मूत्रपिंडांना त्याची धास्ती. हा निर्णय मी एकट्याने घ्यायचा नव्हता. सहा आठवड्यांनी पोटॅशियम ४.६ आणि क्रिएटिनिन १.४ आलं. रिपोर्टचा फोटो, नाडी, रक्तदाब आणि वजन मी दुपारी पुण्याला पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं: ‘स्पायरोनोलॅक्टोन २५ ची अर्धी गोळी, एक दिवसाआड. सात दिवसांनी पोटॅशियम तुमच्याकडेच करा. ५.५ च्या वर गेलं तर मला न विचारता बंद करा आणि कळवा. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच थांबवा. शहाळं नको.’ शेवटची ओळ मी आजींना वाचून दाखवली आणि तो कागद त्यांनी फ्रिजच्या दाराला चिकटवला.